२० × ८ फुटांचं छोटं घर स्वतः बांधतोय, आतली मांडणी ठरवायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पोटमाळ्यावर झोपायचं, खाली ओटा, बाथरूम आणि कामाचं टेबल हवंय, आणि कागदावर चौकोन सरकवून सरकवून डोकं उठलंय. मग चौकोन सध्या राहू द्या, आधी घराचा उभा छेद काढा, म्हणजे घर वरून खाली कापलं तर आत जसं दिसेल तसं चित्र. माझं घर बांधताना सगळ्यात जास्त वेळ मी छेदावरच घालवला आणि खालची निम्मी मांडणी त्यातूनच ठरून गेली.

पोटमाळ्याखाली ताठ उभं राहायला ८० इंच धरा. माळ्याच्या तुळया आणि फळ्या मिळून ५ इंच, गादी ५ इंच. म्हणजे ९० इंच इथेच संपले. आढ्याखाली आतून ११ फूट मिळत असतील तर गादीवर ४२ इंच उरतात, अंथरुणात नीट बसता येतं. साडेदहाच फूट असतील तर ३६, म्हणजे उंच माणसाचं डोकं बसल्या बसल्या छताला लागणार. छप्पर दोन्हीकडे उतरतं असेल तर ही उंचीसुद्धा फक्त मधोमध मिळते, तेव्हा गादी आढ्याखालीच.

आता जिना. माळा जमिनीपासून ८५ इंचांवर आला. साडेआठ इंचांचे १० चढ आणि ९ इंच रुंदीच्या ९ पायऱ्या धरल्या तर जिना पावणेसात फूट लांब होतो, म्हणजे घराच्या लांबीचा एक तृतीयांश! म्हणून बरेच जण शिडी लावतात. मी लावणार नाही. रात्री अर्धवट झोपेत उतरायचं असतं हे दिवसा नकाशा काढताना आठवत नाही. शिवाय जिन्याखालची जागा फुकट जात नाही: उंच टोकाला छोटा फ्रिज, खालच्या पायऱ्यांत खण.

रुंदी मोजताना बाहेरचे ८ फूट विसरा. दोन्ही भिंतींचे मिळून १० इंच गेले की आत ८६ इंच उरतात. एका बाजूला २४ इंचांचा ओटा, समोर २४ इंचांचा जिना, मध्ये ३८ इंचांची वाट. इतकी पुरते, पण फ्रिजचं दार वाटेत उघडणार आहे हे धरा.

बाथरूम माळ्याखाली, एका टोकाला, घराच्या पूर्ण रुंदीत आडवं घ्या. एका लांब भिंतीला कमोडची पाठ (२८ इंच), त्यापुढे पायांसाठी २४, मग समोरच्या भिंतीपर्यंत शॉवरचे ३२. झाले ८४. घराच्या लांबीतले ३६ इंच बाथरूमला दिले की कोपर भिंतीला लागत नाही. दार मधल्या २४ इंचांत, आणि ते सरकतंच हवं. ओट्याचं सिंक या दाराच्या आडव्या भिंतीच्या दुसऱ्या अंगाला ठेवा, म्हणजे नळ आणि निचरा एकाच ठिकाणी राहतील. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. सिंक दुसऱ्या टोकाला नेलंत तर १२ फुटांत ३ इंच उतार, आणि तो जमिनीखाली कुठे बसवायचा हा नवा प्रश्न.

उष्णता आणि वाफ वर चढून माळ्यावर साठते. तिथे उघडणारी खिडकी हवीच, आणि आग लागली तर त्यातून माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी. गादीखाली फटी असलेल्या पट्ट्या टाका, सपाट प्लायवर ती खालून ओलसर होऊन बुरशी धरते.

एवढं जमलं की मगच आडवा नकाशा, आणि तोही कागदावर नको. मोकळ्या जमिनीवर खऱ्या मापात मास्किंग टेप चिकटवा, ओट्याच्या जागी खोकी रचा आणि दोघांनी एकाच वेळी आत वावरून बघा. कामाचं टेबल घडीचं घेणार असाल तर त्याची टेप उघड्या टेबलाच्या मापाची लावा. रोज वापरायचं टेबल कुणी रोज मिटत नाही.