देवाची प्रचीती आल्यावर चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यावाच लागतो का, आणि तो एकूण पगारावर मोजावा की हातात येणाऱ्या रकमेवर?

प्रश्नाचा क्रमच मला उलटा वाटतो. ज्याला देव खरोखर भेटला, तो टक्केवारीपासून सुरुवात करत नाही. बायबलमधल्या याकोबाने बेथेल या ठिकाणी दशांशाचा नवस केला, तोही देव अन्नवस्त्र देईल आणि सुखरूप घरी आणील तर, अशा अटीवर. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने मात्र कोणतीही अट न घालता निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. मला जक्कय अधिक पटतो, कारण तसा एक माणूस मी घरात पाहिला आहे.

माझे वडील नगर जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या कामावर जात. ख्रिस्ती ते नावापुरतेच होते. नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नसत. त्या दुष्काळातच माझी थोरली बहीण तापाने अगदी हाताबाहेर गेली होती, आणि तिच्या उशाशी जागून काढलेल्या एका रात्रीविषयी वडील पुढे जन्मभर इतकेच सांगत, की त्या रात्री मी एकटा नव्हतो. बहीण वाचली. पुढे पाऊस झाला, बाजरी आली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी भावकीतल्या शेजाऱ्याच्या रानात वर्षानुवर्षे कोरत नेलेला बांध त्याच्या देखत मागे घेतला. मगच चर्चच्या हंगामाच्या सणाला बैलगाडीतून पोती नेली. आईने खाणारी तोंडे मोजून दाखवली. वडिलांनी वर्षाच्या भाकरीपुरते ठेवले आणि बाकीचे सगळे नेले.

रिवाजाप्रमाणे अर्पणांचा लिलाव झाला. बोली लावणारे चर्चचे पंच आणि बोली तोडणारेही पंचच, त्यामुळे बाजरी बाजारभावाच्या पुष्कळ खाली गेली. वडिलांनी भर सभेत विचारले, की पैसे किती जमले आणि त्यांतले मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, विधवांपर्यंत किती पोहोचणार. पंचांत बसलेले माझे थोरले चुलते म्हणाले, “देवाला दिले की हात झटकावेत, हिशेब मागणारा मनापासून देतच नसतो.” हे वाक्य आमच्या घराण्यात अजून जिवंत आहे. लग्नकार्यात चुलतभाऊ भेटले, की माझ्या वडिलांनी मंडळीची अब्रू काढल्याचा विषय निघतोच, म्हणून हे उत्तर त्यांच्यासाठीही आहे.

“सगळा दशांश भांडारात आणा” हे बायबलमधील मलाखी या संदेष्ट्याचे वचन व्यासपीठावरून नेहमी ऐकू येते, परंतु बायबलमधील नहेम्या या पुस्तकाचा तेरावा अध्याय फारसा वाचला जात नाही. त्यात मंदिराच्या भांडारावर नेमलेल्या याजकानेच, म्हणजे पुरोहितानेच, दशांशाची खोली आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, देऊन टाकली होती. यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले आणि वाटपासाठी विश्वासू माणसे नेमली. यरुशलेमच्या गरिबांसाठी निधी जमवताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर इतर बंधूंनाही पाठवले, ते या निधीबाबत आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणूनच, आणि हे कारण त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहूनही कळवले. प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही, ते गावच्या पंचांना का वाटावे? कारभारी तोच, ज्याला धनी हिशेब विचारू शकतो.

आता आपला प्रश्न. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातील दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा आणि तेलाचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), उपरी (परके), अनाथ व विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे. पगारातील कपातींचा निकाल त्यात शोधू नये. कोणाचे काही दाबून ठेवले असेल, तर ते आधी परत करावे. नंतर जे द्यावेसे वाटेल ते ठरवून, नियमाने द्यावे. अंगावर कर्ज असेल तर कमी द्यावे, त्यात लाज नाही. सगळेच पंच तसे असतात असेही माझे म्हणणे नाही. आमच्या मंडळीत आज वार्षिक हिशेब वाचून दाखवतात. आपली मंडळी नोंदणीकृत न्यास असेल, तर हिशेब ठेवणे तिला कायद्यानेही चुकत नाही, तेव्हा देण्यापूर्वी खजिनदाराकडे मागील वर्षाचा ताळेबंद मागावा. त्याला राग आला, तर ती रक्कम ओळखीतल्या एखाद्या विधवेच्या मुलांच्या फीसाठी थेट द्यावी, आणि तसे खजिनदाराला सांगूनही टाकावे.