प्रार्थना कुणी सांगायची?

पत्र

ताई,

मी एकोणतीस वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी नदीत सोडलं जाणारं कारखान्याचं सांडपाणी थांबावं म्हणून आम्ही पंधरा-वीस जण एकत्र आलो. आता सभेला तीन-चारशे माणसं येतात. बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि माझा आवाज बरा म्हणून पहिल्यापासून ती मीच सांगते. तेव्हा माझी श्रद्धा पक्की होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सोबत्याचा चार वर्षांचा मुलगा आजारी पडून गेला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मला ते वाक्य गिळता आलं नाही. हळूहळू सगळंच सुटत गेलं. आज माझा देवावर विश्वास नाही, हे मी स्वतःशी तरी स्वच्छ कबूल करते. तरीही प्रार्थना सांगते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. भाषणाच्या शेवटी ‘देव आपल्या पाठीशी आहे, विजय आपलाच होणार’ म्हणते, टाळ्या पडतात, आणि घरी आल्यावर स्वतःचीच चीड येते.

एक सहकारी म्हणतो, सगळ्यांना तोंडावर सांग, या देवभोळेपणामुळेच लोक दबून राहतात. दुसरी म्हणते, तोंड उघडलंस तर संघटना फुटेल. गेल्या महिन्यात एका वयस्कर काकांना मी फटकन बोलून गेले, ‘देव येणार आहे का पाणी उपसायला?’ ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून बैठकीत मागे बसतात. मी खोटी आहे का? आणि देवच नाही तर मी हे सगळं कशासाठी करते आहे?

— एक कार्यकर्ती

उत्तर

तुला अहो-जाहो करत नाही. माझ्या धाकट्या भाचीएवढी आहेस.

वर तुझं पत्र कापून छापलंय. मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे, आणि ते मी तीनदा वाचलं. त्यात देवाबद्दल जेमतेम दहा ओळी आहेत. त्या मुलाबद्दल दीड पान आहे. तो नदीवरच्या फेसाला ढग म्हणायचा, त्यातला एक मुठीत धरून आईला दाखवायला आणायचा, आणि घरी पोचेपर्यंत हात नुसताच ओला असायचा, असं तू लिहिलंयस. तू हे कशासाठी करते आहेस, या प्रश्नाचं उत्तर मी वेगळं काय देऊ? तू देवासाठी नदीवर गेली नव्हतीस. श्रद्धा होती तेव्हाही नाही. श्रद्धा तुझ्या सोबतीला होती. आता सोबत नाही, म्हणून वाट एकटीची वाटते आहे. त्याचं दुःख होणं साहजिक आहे आणि ते दाबू नकोस. प्रार्थनेची आठवण येते, चाल ओठावर येते, म्हणजे तू डळमळीत आहेस असं अजिबात नाही. लहानपणापासूनचं घर सोडलेल्या माणसाला त्या घराचा जिना पाठ असतोच.

माझाही विश्वास असाच गेला, तुझ्यापेक्षा थोड्या लहान वयात. एका रात्रीची गोष्ट सांगते. आम्ही धरण्याला बसलो होतो, पहाटेचे तीन वाजले असतील. वारा सुटला होता आणि फलक उडू नये म्हणून आम्ही दोघी त्याची दोन टोकं धरून बसलो होतो. माझ्याबरोबर सत्तरीची एक बाई होती. तिच्या एका हातात फलकाचं टोक, दुसऱ्या हातात माळ. मणी ओढता ओढता तिने विचारलं, ‘तू नाही का गं नाव घेत?’ मी घाबरत घाबरत म्हटलं, ‘नाही मावशी, माझा विश्वास नाही आता.’ ती दोन मणी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बरं. तुझ्या वाटणीचंही मी घेते. तू ते टोक नीट धर, सुटतंय बघ.’ खरंच सुटत होतं. बोलण्याच्या नादात माझी पकड सैल झाली होती.

त्या बाईने मला तेव्हाच समजावलं होतं की आमच्या दोघींमध्ये सामाईक काय होतं. ते फलकाचं कापड होतं. त्यावर आमची मागणी लिहिलेली होती. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा सत्याग्रहींमध्ये दर्शनाची आस लागलेली माणसं होती. बाबासाहेबांच्या लेखी मात्र प्रश्न दर्शनाचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काचा होता. दोन्ही प्रकारची माणसं एकाच दारासमोर उभी राहिली. तुझ्या बैठकीतली माणसंही एका मागणीसाठी जमलेली आहेत. कुणाच्या मनात काय आहे याची हजेरी तिथे कुणी घेत नाही.

आता तुझ्या खोटेपणाबद्दल. तू खोटी आहेस का, या प्रश्नावर मला वाटतं तू चुकीच्या जागी बोट ठेवलं आहेस. तुला टोचतोय तो वाक्याचा पहिला भाग, ‘देव आपल्या पाठीशी आहे’. माझ्या मते त्याहून जड आहे तो दुसरा भाग, ‘विजय आपलाच होणार’. हे तुला कुणी सांगितलं? श्रद्धा होती तेव्हा तरी ते ठाऊक होतं का? तीन-चारशे माणसं त्या वाक्यावर विसंबून कामाचा दिवस बुडवतात, पोलिसांची नोटीस घेतात, घरच्यांची बोलणी खातात. त्यांना मनातला देव कुणी दिलेला नाही, तो त्यांचा त्यांचा आहे. विजयाची हमी मात्र तू देते आहेस.

हमी कुणालाच मिळालेली नाही. काळारामचा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दारं उघडली नाहीत, शेवटी तो थांबवावा लागला. अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची मागणी १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या परिषदेत मांडणारी एलिझाबेथ कॅडी स्टँटन १९०२ मध्ये वारली. पुढे तिच्या खांद्याला खांदा लावून लढलेली सुझन अँथनी १९०६ मध्ये गेली. देशभराच्या बायकांना तो हक्क देणारी घटनादुरुस्ती झाली १९२० मध्ये. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कित्येक वर्षं सरकारदरबारी आणि रस्त्यावर झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, आणि कायदा विधिमंडळात मंजूर झाला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

मग लोकांना सांगायचं काय? जे ठाऊक आहे ते. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ मोहिमा तपासल्या. त्या सत्ता उलथवण्याच्या किंवा परकी राजवट हटवण्याच्या मोठ्या मोहिमा होत्या, तुमच्या नदीच्या लढ्याला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी बघ. नि:शस्त्र मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्रांपैकी २६ टक्के. म्हणजे हत्यार न उचलता लढणाऱ्यांनाही जवळजवळ निम्म्या वेळा पूर्ण यश मिळालं नाही. आणि जिथे जिंकले तिथे मोठं कारण हे की त्यात बायका, म्हातारी माणसं, नोकरदार, विद्यार्थी, सगळ्या थरांतले लोक उतरू शकले. माणसं वाढली की समोरच्याच्या बाजूचे लोक डळमळू लागतात. हे तू छातीठोकपणे सांगू शकतेस. ‘आपण जिंकू की नाही मला माहीत नाही. आपण पंधरा होतो तेव्हा आपल्या अर्जाची पोचही मिळत नव्हती, हे मात्र मला माहीत आहे.’ असं म्हणून बघ एकदा. टाळ्या कमी पडतील कदाचित. लोक विचार करत घरी जातील.

भगतसिंगांनी ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपल्या नास्तिकपणाबद्दल निबंध लिहिला. फाशी समोर दिसत होती. श्रद्धाळू माणसाला पुनर्जन्माची किंवा स्वर्गाची आशा असते, आपल्याला गळ्यात दोर पडेल तो क्षण शेवटचाच, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. बक्षिसाची अपेक्षा न ठेवता आयुष्य या कामाला वाहिलं, एवढंच समाधान. हे वाचून हिरो व्हायला जाऊ नकोस, तुझ्याकडून तशी अपेक्षा कुणाची नाही. पण देव गेला की लढण्याचं कारणही जातं, असं जे तुला रात्री वाटतं, त्याच्यासमोर हा तेवीस वर्षांचा मुलगा ठेवून बघ.

आता तुझे दोन सल्लागार. ‘तोंडावर सांग’ म्हणणाऱ्या मित्राला माझा स्पष्ट नकार कळव. देवावर घाव घालायला त्याने वेगळं व्यासपीठ घ्यावं, तो त्याचा हक्क आहे आणि ते कामही महत्त्वाचं आहे. स्टँटननेच १८९५ मध्ये बायबलमधल्या स्त्रियांविषयीच्या उताऱ्यांवर कडक टीका करणारं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी तिच्या मताधिकार संघटनेने ठराव करून त्या पुस्तकाशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. अँथनीने त्या ठरावाला विरोध केला होता, आणि माझं मतही अँथनीच्या बाजूचं आहे. पण स्टँटनने ते पुस्तक स्वतःच्या जबाबदारीवर काढलं होतं. मताधिकाराच्या सभेत लोकांना घेरून ती त्यांच्या श्रद्धेची झडती घेत नव्हती. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही आपला विरोध देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, देवाधर्माला नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि देवभोळेपणामुळे लोक दबून राहतात, हे तुझ्या मित्राचं म्हणणं तुमच्याच सभेत खोटं ठरतं आहे. ती माणसं देव मानतात आणि तरी सहा वर्षं हटलेली नाहीत.

गप्प राहा म्हणणाऱ्या मैत्रिणीचंही मला पटत नाही, जरी तिची भीती खरी आहे. लपवलेली गोष्ट विरोधकाच्या हातात पडते. ‘तुमची पुढारीण नास्तिक आहे, तुम्हाला फसवते आहे’ हे वाक्य बाहेरच्या कुणी आधी उच्चारलं, तर त्यातला ‘फसवते’ हा शब्द लोकांना लागेल. तूच आधी सांगितलंस तर तो शब्द उरत नाही.

सांगायचं म्हणजे माईक हातात घेऊन जाहीर करायचं नाही. ज्या दोघा-तिघांना दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटेल, त्यांना आधी, एकेकाला, समोर बसून सांग. त्या मुलाच्या आईवडिलांना सांगताना त्याच्या जाण्याशी हे जोडू नकोस, निदान पहिल्यांदा तरी नको. त्यांनी कदाचित देवाच्या आधारानेच ते दिवस काढले असतील. मग बैठकीत दोन वाक्यं पुरेत. ‘माझा आता देवावर विश्वास उरलेला नाही, म्हणून प्रार्थना मी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा मी तुमच्याबरोबर शांत उभी राहीन.’ कारणं विचारली तर ‘बैठकीनंतर बोलू’ म्हण, आणि बैठकीनंतर खरंच बोल.

यातून वाट निघते. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, कट्टर नास्तिक होते, अस्पृश्यतेविरुद्ध गावोगाव काम करणारे, आणि गांधीजींशी त्यांचं बरंच बोलणं झालं होतं. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्रामला लावायचं ठरलं तेव्हा विधीत ‘ईश्वर’ शब्दाच्या जागी ‘सत्य’ म्हणायला गांधीजी तयार झाले. लग्न १९४८ च्या मार्चमध्ये झालं. तोवर गांधीजी राहिले नव्हते. गांधीजींची श्रद्धा काही कमी झाली नव्हती आणि गोरांचा नास्तिकपणाही नाही. दोघांनी एका शब्दापुरती जागा करून दिली. तुमच्याकडे कुणी प्रार्थनेआधी दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणेल, कुणी नाही म्हणेल. प्रार्थना बंद करण्याचा आग्रह तू धरू नकोस.

त्या काकांकडे मात्र आधी जा. हे सगळ्याच्या आधी. तुझा राग देवावर होता, त्या मुलाच्या मरणावर होता, आणि पडला तो एका म्हाताऱ्या माणसावर, ज्याने उलटून उत्तरही दिलं नाही. नव्याने विश्वास सुटलेल्या माणसाच्या जिभेवर हा तोरा काही दिवस येतो, माझ्याही आला होता. माफी मागताना मत मागे घ्यायची गरज नाही. ‘मी तुमचा अपमान केला, तो करायला नको होता’ एवढंच म्हण. आणि पुढच्या बैठकीत त्यांना पुढे बसायला घेऊन ये.

तुझ्या वडिलांबद्दल तू शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेस, त्या मी छापल्या नाहीत. त्यांना सांगायची घाई नाही. विचारलं तर खोटं बोलू नकोस.

राहिली प्रार्थना. तुझ्या शेजारी उभी राहून तुझ्यामागून म्हणणारी एक मुलगी आहे, तिला पुढे यायचा संकोच वाटतो आणि तिचा सूर तुझ्यापेक्षा वरचा लागतो, असं तू लिहिलंयस. तिच्याकडे जा, तुझं काय झालंय ते तिला नीट सांग, आणि पुढच्या बैठकीत तू सांगशील का, असं विचार. हो म्हणाली तर तिला तुझ्या पट्टीत म्हणायला लावू नकोस. तिच्या पट्टीत म्हणू दे.