कांदा तळताना जळक्या वायरीचा वास

प्रश्न : डॉक्टर, मी इचलकरंजीची. वय ५२, साखरेची गोळी चालू आहे. घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोना झाला. ऑक्सिजन लागला नाही, पण वास पार गेला. महिन्याभरात थोडा थोडा परत आला. ऑगस्टपासून मात्र कांदा-लसूण तेलात पडला की जळक्या वायरीसारखी घाण येते, मळमळतं. कॉफी, अंडं, टूथपेस्ट, सगळ्यांची तीच तऱ्हा. कापूर हुंगला तर झोंबतो, म्हणजे नाक चालू आहे ना? घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय. दिवाळीत केलेला मसाला खारट झाला म्हणून दोन गिऱ्हाइकांनी ऐकवलं. ओळखीतल्या एकीला स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गुण आला. मी घेऊ का? मार्चपासून ऑर्डरी सुरू होतील.

उत्तर : ताई, आधी हा अंक घरच्यांच्या हातात द्या. हे नाटक नाही, कंटाळा तर नाहीच. जळक्या वायरीचा वास तुम्हाला खरोखरच येतो, आणि तो का येतो हेही आता बरंचसं कळलेलं आहे.

नाकात अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, वास ओळखणाऱ्या पेशींची एक छोटीशी पट्टी असते. तिच्या वर चाळणीसारखं भोकं असलेलं हाड. त्या भोकांतून बारीक नसा मेंदूकडे जातात. कोरोनाचा विषाणू बहुधा थेट या वासाच्या पेशींवर जात नाही. त्यांना टेकू देणाऱ्या, त्यांची उस्तवार करणाऱ्या शेजारच्या पेशींवर तो हल्ला करतो. टेकू गेला की वासाच्या पेशी लुळ्या पडतात, काही मरतात. म्हणून सर्दी नाही, नाक चोंदलेलं नाही, तरी वास गायब. २०२० मध्ये असे फोन यायला लागले तेव्हा आम्हीही बुचकळ्यात पडलो होतो. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हे लक्षण यादीत घातलं ते जून २०२० मध्ये.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. त्याच वर्षी सप्टेंबरात मलाही झाला. ताप उतरून चार दिवस झालेले. गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अंगणातून हाक मारली, ‘‘डॉक्टरीणबाई, काय जळतंय तुमच्याकडे?’’ पातेलं काळंठिक्कर, स्वयंपाकघरात धूर, आणि मला काहीही नाही. तीस वर्षं लोकांची नाकं तपासणारी मी, माझं निदान काकूंनी खालून केलं. त्याआधी मीही पेशंटांना ‘येईल हो वास, काळजी करू नका’ म्हणून वाटेला लावत असे. आता नाही लावत.

वासाच्या पेशी पुन्हा उगवतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. पण सगळ्या एका दिवशी उगवत नाहीत. तळलेल्या कांद्याचा वास हा एक पदार्थ नसतो, डझनावारी पदार्थांची ती मिसळ असते. समजा गावात भजन आहे. टाळकरी आले नाहीत, पेटीवाला आला नाही, नुसता एक पखवाजवाला आलाय आणि तोही जोरात बडवतोय. अभंग कोणता ते कसं ओळखणार? तुमच्या मेंदूचं तसंच झालंय. भाजण्या-तळण्यातले आणि लसणातले गंधकाचे काही पदार्थ इतके तीव्र असतात की कणभर असले तरी आधी तेच कळतात. वास गेल्यावर बहुधा दोन-चार महिन्यांनी हा प्रकार सुरू होतो. तुमचा ऑगस्ट त्यात बसतो. चमत्कारिक वाटेल, पण काहीच न येण्यापेक्षा वेडावाकडा वास येणं बरं. पेशी परतताहेत असा त्याचा अर्थ. बहुतेकांचं हळूहळू निवळतं, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि थोड्या जणांचं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. हे लपवून उपयोग नाही.

कापराचं मात्र फसवं आहे. कापूर, व्हिक्स, मिरचीचा ठसका हे झोंबणं चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या वेगळ्या नसेचं काम. वास ठार गेलेल्या माणसालाही ते कळतं. कोरोनाच्या लाटेत कापूर-लवंग-ओव्याच्या पुरचुंड्या गळ्यात बांधून ‘मला वास येतो’ म्हणणारे कितीतरी जण मी पाहिले.

स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. साखर असताना तर नकोच. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने आपल्याकडे काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्यातले कितीतरी पेशंट मधुमेहाचे होते आणि स्टेरॉइड घेतलेले होते. शिवाय इतक्या महिन्यांनी त्याने गुण येईल याचा भरवसा नाही. नाकात लवंगेच्या तेलाचे थेंबही कुणी सांगितले तरी घालू नका, आतून भाजतं.

करायचं ते असं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये, कोरोनाच्या कितीतरी आधी, नाकाची तालीम मांडली : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. झाकणाच्या चार छोट्या बाटल्या घ्या. गुलाबाचं अत्तर आणि निलगिरी कापसावर थेंबभर, लिंबाची ताजी साल, ठेचलेली लवंग. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री, एकेक बाटली पंधरा-वीस सेकंद. अलगद हुंगायचं, भस्त्रिका करायची नाही. मध्ये थोडं थांबायचं. आणि हुंगताना तो वास आठवायचा. लिंबू हुंगताना मी आईच्या लोणच्याची बरणी आठवायची. किमान तीन महिने, एकही दिवस न चुकवता. मला लवंग पाचव्या आठवड्यात कळली, तीही आधी ओल्या पुठ्ठ्यासारखी.

आता मसाल्याचं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची सगळी चव घशामागून नाकात चढणारा वास देतो. तो नसला की पदार्थ सपक लागतो आणि हात मिठाकडे जातो. दिवाळीत तेच झालं असणार. यंदा मीठ तागडीवर मोजून घाला, चाखून नाही. कांदा आणि खोबरं तळायचं काम मागच्या उघड्या पडवीत दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही रंग बघा : खोबरं बदामी झालं की उतरवायला सांगा. वाळलेला कांदा बोटांत मोडून कुरकुरीत झालाय का पाहा, ते तुमच्या हाताला कुणापेक्षाही जास्त कळतं. डंकावर नेण्याआधी घरातल्या कुणालातरी घाणा हुंगायला लावा. जेवण कोमट किंवा गार खा, वाफ कमी म्हणजे त्रास कमी.

एक गोष्ट मात्र आजच. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. तुमच्या नाकाला ते कदाचित कळणार नाही किंवा भलतंच काही वाटेल. रात्री रेग्युलेटर बंद. गळती ओळखणारं यंत्र बसवलंत तर जमिनीलगत बसवा, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. घरच्या कुणी गॅस गळतोय म्हटलं तर वाद नको. बटणं न दाबता बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ लावा.

एकाच नाकपुडीचा वास गेलाय असं वाटलं, नाकातून रक्त आलं, गालावर सूज किंवा बधिरपणा आला, तर तालीम बाजूला ठेवून जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. एरवी वहीत तारीख घालून, कोणती बाटली कशी लागली ते रोज एका ओळीत लिहा आणि मे महिन्यात ती पानं मला पाठवा. सोबत पाव किलो मसालाही चालेल, मीठ बेताचं.