गाडी गरम कुठे होते, हे आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : मोटारीची देखभाल व दुरुस्ती

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत 'कोणता पार्ट बदलू?' असे विचारले आहे. त्याच्याही आधीचा प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारलेला दिसतो : बिघाड जाणवतो तो केव्हा? गाडी उभी असताना की धावताना, इंजिन थंड असताना की तापल्यावर, सरळ रस्त्यावर की वळणावर? तीस वर्षे मुंबईतल्या गाड्या उघडून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, निम्मे निदान या माहितीतच असते आणि ती गाडी चालवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नसते. पुढची पत्रे त्याच दृष्टीने निवडली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची असून ७२ हजार किलोमीटर चालली आहे. संध्याकाळी लालबहादूर शास्त्री मार्गावर वाहतूक तुंबली की तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याजवळ जातो. पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून गाडी पळू लागली की पाच-सात मिनिटांत तो जागेवर येतो. गॅरेजमध्ये आधी कूलंट बदलले, मग थर्मोस्टॅट बदलला, आणि आता रेडिएटर बदलायला सांगत आहेत. काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : रेडिएटरचा खर्च तूर्त थांबवा. आपल्या पत्रातल्या दोन रस्त्यांनीच बरेचसे उत्तर दिले आहे. गाडी पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, त्या वेळी पंख्याची फारशी गरज नसते. गाडी सिग्नलला थांबली की वारा थांबतो आणि सगळी भिस्त एकट्या पंख्यावर येते. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी महामार्गावरही तापली असती, किंबहुना तिथे लवकर तापली असती. रेडिएटर आतून गाळाने चोंदला असता तर त्याचा त्रास कसारा घाट चढताना किंवा एसी लावून वेगात जाताना दिसला असता. आपली गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, म्हणून पहिला संशय पंख्यावर घ्यायचा.

त्याची परीक्षा आपण इमारतीच्या आवारातही करू शकता. एसी बंद ठेवून इंजिन चालू करा, बॉनेट उघडा, आणि हात व ओढणी-टायसारखे कपडे पंख्यापासून लांब ठेवून वाट पाहा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप फिरू लागला पाहिजे. तो फिरला नाही, तर एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा लगेच सुरू होतो. एसीने फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, असे असेल तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) आणि मग मोटर या क्रमाने पाहावे. मेकॅनिकला मोटर थेट बॅटरीवर लावून पाहायला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असतील तर पंखा कधी फिरतो, कधी अडतो, आणि अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमकी शहाण्यासारखी वागते. त्यामुळे एकदा फिरला म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका. त्याचा वेगही बघा, कारण मंद फिरणारा पंखा न फिरणाऱ्याइतकाच घातक ठरतो.

पंखा व्यवस्थित निघाला तर त्याच्या पुढे काय अडकले आहे ते पाहावे. एसीचा कंडेन्सर सर्वांत पुढे, त्याच्या मागे रेडिएटर आणि त्याच्यामागे पंखा, अशी मांडणी बहुतेक गाड्यांत असते. भांडुपहून आलेल्या एका गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत दुधाची रिकामी पिशवी चपटी होऊन चिकटली होती. तिच्याभोवती वाळलेली पाने आणि मेट्रोच्या कामांची धूळ साचून पुठ्ठ्यासारखा थर झाला होता. त्या गाडीचा रेडिएटर बदलण्याचा सल्ला दोन ठिकाणी मिळाला होता. आम्ही पिशवी काढली, मागच्या बाजूने हलक्या पाण्याने जाळी धुतली, आणि गाडी निवली. जोराच्या फवाऱ्याने मात्र जाळीचे पातळ पत्रे वाकतात, म्हणून तो टाळावा.

आता एक ताकीद, आणि ती मी प्रत्येक वाचकाला देत आहे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. ते झाकण आतला दाब साधारण १ बारने वाढवून धरते, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्याच क्षणी ते पाणी वाफ होऊन तोंडावर येते. काटा तांबड्यात गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि गाडी बाजूला घ्या. पंखा चालत नसेल किंवा कूलंट बाहेर सांडले असेल तर इंजिन लगेच बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबल्याशिवाय पाणी घालू नका, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर थंड पाणी पडले की ते वाकू शकते. नळाचे पाणी वरचेवर भरण्याची सवयही सोडावी. त्यातले क्षार आत साचतात. कूलंट तयार मिसळलेले नसून घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल, तर त्यात निम्मे डिस्टिल्ड पाणी मिसळून वापरावे.

प्रश्न : गेल्या जुलैत हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. घाबरून मी तीन-चार वेळा सेल्फ मारला, तेव्हा 'ठक्' असा आवाज आला आणि इंजिन जाम झाले. पुढे इंजिन उघडावे लागले आणि विमा कंपनीने तो खर्च नाकारला. यंदा असा प्रसंग आला तर काय करावे? (एक वाचक, परळ)

उत्तर : आपले नुकसान वाचून वाईट वाटले, कारण त्यातले बरेचसे त्या तीन-चार सेल्फमध्ये झाले असण्याची शक्यता आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा साधारण एक-दशांश जागेत दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. आपण ऐकलेला 'ठक्' बहुधा तोच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या दिवसांत ओढून आणलेल्या गाड्यांच्या मी दोन तऱ्हा पाहिल्या. ज्या गाड्यांना मालकांनी पाण्यात हातही लावला नव्हता, त्या साफसफाई आणि तेलबदल करून पुष्कळशा मूळ इंजिनावरच चालू झाल्या. ज्या 'एकदा लागते का बघू' म्हणून चालू करून पाहिल्या होत्या, त्यांतल्या अनेकांचे इंजिन सुटे करावे लागले. तेव्हापासून हा एकच सल्ला मी दरवर्षी देतो : पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका.

इग्निशन बंद करा, धोका नसेल तर गाडी ढकलून उंच जागी न्या आणि बॅटरीची उणे वायर काढून ठेवा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर चाके फिरवत ओढू देऊ नका, पूर्ण गाडी वर चढवून नेणारा टो-ट्रकच बोलवा. गॅरेजमध्ये आधी एअर फिल्टर उघडायला सांगा. कागद कोरडा असेल तर बरेचसे संकट टळले. तो ओला असेल किंवा डिपस्टिकवरचे (तेल मोजायच्या पट्टीवरचे) तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आणि मगच सेल्फने पाणी बाहेर काढावे लागते, त्यानंतर इंजिन ऑइल व फिल्टर बदलावे. पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेवर चढले असेल तर गिअरबॉक्सचे तेलही तपासावे आणि गालिचे उचलून वाळवावेत, कारण खालच्या वायरिंगच्या जोडांना महिन्या-दोन महिन्यांनी गंज चढतो.

आपल्या गाडीची हवा ओढणारी नळी कुठून सुरू होते, ते आज बॉनेट उघडून बघा. पुष्कळ गाड्यांत तिचे तोंड हेडलाइटच्या उंचीला असते. शांत पाणी त्याच्या खाली असले तरी शेजारून बेस्टची बस गेली की तिची लाट वर चढते, हे मिलन सबवेतून जाणाऱ्यांनी अनुभवले असेल. विम्याबद्दल एवढेच सांगतो की, साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही पाणी शिरल्यावर गाडी चालू करून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी त्याच्या अटी स्वतः वाचा.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी बाहेर काढतो. रविवारी सकाळी सेल्फ मारला की नुसता टक्-टक् आवाज येतो. नवी बॅटरी घेतली, आठ महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झाले. नवी बॅटरीच खराब निघाली का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : बॅटरी खराब असेलही, पण तिला कोणी उपाशी ठेवले ते आधी शोधू. सोमवार ते शनिवार गाडी झोपलेली असते, तरी तिचे संगणक, घड्याळ आणि सेंट्रल लॉकिंग थोडी वीज घेत राहतात. हा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सहा दिवसांत सुमारे ७ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तेवढे सोसते. डॅशकॅम किंवा ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडलेला असेल आणि तो ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याच सहा दिवसांत ४३ अँपिअर-तास लागतील, म्हणजे रविवार उजाडण्याआधीच बॅटरी संपलेली असेल. गाडीत मागाहून काय बसवले आहे याची यादी करा. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर खरोखर विझतो का, हेही मोबाइलचा कॅमेरा आत ठेवून चित्रीकरण करून पाहता येते.

साधा मल्टिमीटर घेतला तर पुष्कळ गोष्टी घरीच कळतील. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा. १२.२ आला तर ती अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा जनरेटर, आपले काम करतो आहे. (काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, त्यामुळे एकदाच्या मोजणीवर विसंबू नये.) टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर आधी उणे आणि मग अधिक वायर काढून गरम पाण्याने धुवा, ब्रशने घासा, कोरडे करून थोडी व्हॅसलीन लावा. जोडताना क्रम उलट ठेवा. आपल्या खाऱ्या दमट हवेत ही पूड फार लवकर जमते, आणि बॅटरी भरलेली असूनही सेल्फपर्यंत वीज पोचू देत नाही. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टीही याच रोगाने झिजते, आणि गॅरेजमध्ये तिच्याकडे क्वचितच कोणी पाहते.

हे सर्व ठीक असेल तर कारण आपल्या वापरात आहे. रविवारी मंडईपर्यंत दहा मिनिटे गाडी नेल्याने सेल्फने खाल्लेली वीजदेखील नीट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी तीस-चाळीस मिनिटे सलग चालवा, किंवा पार्किंगमध्ये वीज असेल तर छोटा चार्जर लावा.

प्रश्न : रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकना 'खर्र' असा आवाज येतो. ब्रेक पॅड बदलू का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : बदलू नका. डिस्क बिडाची असते, ओल्या खाऱ्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज येतो आणि पहिल्या ब्रेकना तो घासून निघतो. आवाज दिवसभर टिकला किंवा ब्रेक मारल्यावर बारीक, कर्कश शिट्टी येऊ लागली, तर मात्र पॅडची जाडी त्याच दिवशी बघून घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही बदला, ते हवेतला ओलावा शोषते आणि उकळायला लागण्याचे त्याचे तापमान उतरते.

प्रश्न : खड्ड्यांतून हळू जाताना पुढून खडखड होते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना टक्-टक्-टक् वाजते. गॅरेजमध्ये पुढचे संपूर्ण सस्पेन्शन बदलायला सांगितले आहे. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आपल्या गाडीत दोन आवाज आहेत आणि ते दोन वेगळ्या जागांचे आहेत, असे मला वाटते. वळताना होणारी, चाकाच्या वेगाबरोबर जलद होणारी टक्-टक् ही बहुतेक वेळा ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्याची असते. त्याच्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस उडून जाते आणि वाळू आत शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात का बघा. बूट नुकताच फाटला असून सांधा वाजत नसेल तर बूट व ग्रीस बदलून भागते. आपला सांधा वाजू लागला आहे, म्हणून त्या बाजूचा सांधा बदलावा लागेल.

खडखडीसाठी आधी स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक तपासायला सांगा. आपल्या रस्त्यांवर त्या सर्वांत आधी सैल होतात आणि सर्वांत स्वस्तही असतात. त्यांच्यानंतर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि बॉल जॉइंट, आणि शॉक ॲब्सॉर्बर अगदी शेवटी. गाडी लिफ्टवर असताना आपण स्वतः खाली उभे राहा आणि मेकॅनिकला पहारीने बुश दाबून दाखवायला सांगा. रबर फाटलेले असेल तर चीर डोळ्यांना दिसते आणि आर्म जागचा हलतो. शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ नसेल आणि गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदाच वर येऊन थांबत असेल, तर तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. लोअर आर्म बदलला तर त्याच दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये नव्या टायरची आतली कड खाल्ली जाईल. काढलेले जुने पार्ट मात्र गॅरेजमधून मागून घ्या.