भूगोलाच्या पीजीसीईसाठी पाठ आणि साहित्य: इथून काय न्यावं

सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये भूगोलाची पीजीसीई, म्हणजे आपल्या बी.एड.सारखं तिथलं शिक्षक-प्रशिक्षण, तोवर मुक्काम गुहागरला. मग आत्ताच पाठ टाचणं लिहून ठेवावीत का, आणि तक्ते-प्रतिकृती करून बॅगेत भराव्यात का, असं तू विचारलंयस. टाचणं अजिबात लिहू नकोस. साहित्य जरूर गोळा कर, पण ते फोनमध्ये मावेल एवढंच.

टाचणं नकोत, कारण तिथे तुला मिळणारा वर्ग दुसऱ्या कुणाचा तरी असतो. कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं हे विभागाच्या स्कीम ऑफ वर्कमध्ये, म्हणजे सत्राच्या नियोजनात, आधीच ठरलेलं असतं, बहुधा स्लाइड्सही तयार असतात. त्यात तुझ्यासमोरच्या पोरांसाठी काय बदलायचं, एवढंच तुझ्या हातात. किमान 120 दिवस शाळेत काढायचे आणि तेही दोन शाळांत, त्यामुळे पहिल्या शाळेसाठी रात्री जागून केलेलं दुसरीकडे चालेलच असं नाही. अगदीच अडलं तर ओक नॅशनल अकॅडमीचे ऑनलाइन पाठ फुकट आहेत, सांगाडा म्हणून ते बरे.

आता टाचणाच्या सवयीबद्दल. बी.एड.ला आपण 'अध्यापक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे रकाने आखतो आणि दुसऱ्यात 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' लिहून मोकळे होतो. तिथला मेंटर, म्हणजे शाळेतला तुझा मार्गदर्शक शिक्षक, नेमका तोच रकाना बघणार. मुलं त्या दहा मिनिटांत काय लिहिणार, काय काढणार, आणि ते जमलं की नाही हे तुला कसं कळणार? म्हणून आधी शेवटचा प्रश्न आणि त्याचं तुला अपेक्षित उत्तर पूर्ण वाक्यात लिही, मग मागे मागे ये. हे उत्तर स्वतः लिहून बघितल्याशिवाय पाठ कुठे अडकणार ते कळत नाही. मुलांच्या हातात द्यायचे मिनी व्हाइटबोर्ड बहुतेक शाळांत असतात. सगळ्यांनी एकदम वर धरले की तिसऱ्या ओळीतलं कोण गप्प बसलंय तेही दिसतं.

साहित्याचं म्हणशील तर आपला किनारा म्हणजे खजिना आहे, फक्त तो कुठे वापरायचा हे बघावं लागतं. मोह होणार हरिहरेश्वरचा. तरंगघर्षित मंच (लाटांनी झिजवून सपाट केलेला खडकाचा ओटा), खडकाला पडलेली जाळी, सगळं प्रदक्षिणेच्या वाटेवर हाताशी. पण जीसीएसईला, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेला, एक्यूए या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात किनारा येतो तो 'ब्रिटनमधली भूरूपं' म्हणून, आणि उदाहरणही तिथलंच लागतं. शाळा बहुधा डॉर्सेटचा स्वॉनेज किंवा यॉर्कशरचा होल्डरनेस घेतात. परीक्षेत हरिहरेश्वर लिहिलं तर पोराचे मार्क जातील. सुरुवातीला एक फोटो दाखवून 'इथे काय झालं असेल?' विचारायला मात्र झकास.

उलट चक्रीवादळाला तशी अट नाही. तिथे बहुतेक शाळा 2013 चं फिलिपिन्समधलं हैयान शिकवतात. तू 3 जून 2020 चं निसर्ग घे. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे ओळखीचं कुणी असेलच. त्यांच्या वाडीचे वादळाआधीचे आणि नंतरचे फोटो माग, वर्गात दाखवायची परवानगीही घे. आडव्या झालेल्या पोफळींचा एक फोटो 'तात्काळ परिणाम' आणि 'दीर्घकालीन परिणाम' हा फरक जितका चटकन समजावतो तितकी कुठलीही स्लाइड समजावत नाही: झाड पडलं एका दुपारी, पण नवीन लावलेली पोफळ उत्पन्न द्यायला कित्येक वर्षं घेते. सातवी ते नववीच्या, म्हणजे की स्टेज थ्रीच्या अभ्यासक्रमात भारत आहेच. तिथे रत्नागिरीचा महिनावार पाऊस आणि लंडनचा शेजारी शेजारी ठेव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर विरुद्ध सहाशेच्या आसपास. पण आकडे तयार आलेखात देऊ नकोस, आलेख मुलांनाच काढू दे. जुलैचा स्तंभ कागदाबाहेर जायला लागला की वर्गात आपोआप प्रश्न सुरू होतात.

फोटो काढताना एकच जागा पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला, त्याच ठिकाणी उभी राहून टिप. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला गेलीस तर फरक डोळ्यांत भरतो, भांगाला फार काही दिसत नाही. हरिहरेश्वरला जायचं तर पाऊस लागायच्या आत, ओहोटीलाच. त्या वाटेवर पाण्याशी खेळ नको. धोपावे-दाभोळ आणि पुढे वेसवी-बागमांडला असं फेरीबोटीने गेलीस तर वाटेत दोन खाड्यांचे फोटोही होतील.

एक अगदी बारीक गोष्ट, पण तिथे पहिल्याच आठवड्यात नडते. वर्कशीट्सच्या झेरॉक्स बहुधा काळ्या-पांढऱ्याच निघतात आणि फोटोचा नुसता शाईचा डाग होतो. म्हणून चांगल्या फोटोची प्रिंट काढ, खिडकीच्या काचेवर धरून कोऱ्या कागदावर फक्त बाह्यरेषा गिरव, वर बारीक काळं पेन फिरव आणि स्कॅन करून ठेव. रंगीत फोटो पडद्यावर, रेखाटन मुलांच्या हातात. त्यावर नुसती नावं नाही, तर 'हे असं का झालं' तेही बाणाशेजारी लिहायला लाव. परीक्षेतल्या ॲनोटेटचा अर्थ तोच. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी त्याच रेखाटनाखाली पाच-सहा शब्द दिलेस की वेगळी वर्कशीट करावी लागत नाही.

माती डबीत भरून नेऊ नकोस, ब्रिटनमध्ये भारतातून माती न्यायला बंदी आहे. आणि लॅमिनेटर घेऊ का म्हणालीस, तर नको, तो शाळेत असतो.