आपलीच गोष्ट, भावाच्या तोंडून वेगळी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या गावचा शेतकरी, वय ७३. नात पुण्याला शिकते. दिवाळीला आली की मोबाइल समोर ठेवते आणि म्हणते, "आबा, तुमची गोष्ट सांगा, मी लिहून काढते." मी सांगितलं, की १९७२ च्या दुष्काळात वडिलांचे हाल बघवेनात, म्हणून मी आपणहून कॉलेज सोडलं आणि आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. थोरले भाऊ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "आबा, तुले काहीच याद नही." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी आधीच नापास झालो होतो, वडिलांनी मला घरी बसवलं आणि दुष्काळी कामं नंतर निघाली. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. इतकी वर्षं हीच गोष्ट मनात धरून जगलो. माणसाला स्वतःबद्दल नक्की किती कळतं? तत्त्वज्ञान मंदिरातली आत्मज्ञानावरची व्याख्यानं मी ऐकली आहेत, पण हा प्रश्न त्या जातीचा वाटत नाही. नातीला काय लिहायला सांगू?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : आबा, तुम्ही खोटं बोललात असं मला वाटत नाही. भाऊही खोटं बोलत नसावेत. आणि तुमचं बरोबर आहे, प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून अद्वैताचा विचार करत आलं आहे, तिथला प्रश्न 'मी कोण' हा. तुमचा प्रश्न 'मी तेव्हा तसं का केलं' असा आहे. तो मानसशास्त्राच्या दारात येतो आणि मी आयुष्यभर तोच विषय शिकवला.

'का' या प्रश्नावर आपण फार कच्चे साक्षीदार असतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली यावर एक लेख लिहिला. मिशिगनमधल्या एका दुकानात त्यांनी बायकांच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्यांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी अगदी उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. का निवडला असं विचारल्यावर लोक वीण, पोत, कापड असं काहीबाही सांगत. जागेचा उल्लेख कोणी केला नाही. 'जागेमुळे तर नाही ना?' असं थेट विचारलं तरी बहुतेकांनी ते उडवूनच लावलं. ती माणसं लबाड नव्हती. कारण आतून दिसत नव्हतं, म्हणून शोभेल असं कारण मनाने पुढे केलं, आणि त्यांना ते मनापासून पटलं.

माझ्या वर्गातही हे दिसायचं. पहिल्या वर्षी मी मुलांकडून लिहून घ्यायची, हा विषय का घेतला? एखादी मुलगी लिहायची, 'दुसरीकडे नंबर लागला नाही.' तिसऱ्या वर्षी तीच मुलगी लिहायची, 'लहानपणापासून माणसांची मनं समजून घ्यायची ओढ होती.' मधल्या काळात ती ओढ खरोखरच लागलेली असायची. फक्त तिची तारीख मागे सरकलेली असायची. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असा माझा अंदाज आहे. ठामपणे सांगणार नाही. नापास होणं आणि दुष्काळ, दोन्ही एकाच वर्षात घडलं असेल. पुढे तुम्ही खरोखर घर सावरलंत, आणि मग त्या सावरण्याने आधीच्या घटनेलाही आपला रंग दिला असेल.

पण मला नक्की आठवतं, असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान २८ जानेवारी १९८६ ला फुटलं. दुसऱ्या दिवशी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. पावभाग मुलांची एकही मुख्य गोष्ट जुळली नाही, आणि खात्री मात्र दांडगी! जुना कागद, त्यांच्याच हस्ताक्षरातला, समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. म्हणून आवाज किती ठाम आहे यावरून आठवणीचा खरेपणा ठरवू नका, तुमचाही नाही आणि भाऊंचाही नाही. तेही पन्नास वर्षं मागे जाऊनच बोलताहेत.

मग तुमच्याकडे खात्रीचं काय उरतं? पुष्कळ. मित्र सायकलवरून कॉलेजला निघाले की पोटात काय व्हायचं, वडिलांसमोर बसताना भीती वाटायची की राग यायचा, दुष्काळातल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली कशी उतरायची, ते तुम्हीच सांगू शकता. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात असंच आढळलं: मनातली चिंता स्वतःला अधिक कळते, हुशारीचा अंदाज मात्र मित्रांचा अधिक बरोबर निघतो. 'मी कष्टाळू होतो, मी त्याग केला' हे लिहायचं काम भाऊंवर, गावातल्या तुमच्या सोबत्यांवर सोडा.

आता नातीसाठी. तिला भाऊंशी वेगळं बसून बोलू द्या, आणि तोवर तुम्ही दोघांनी या विषयावर आणखी वाद घालू नका. लग्नकार्यात, ओट्यावर एकत्र बोलून बोलून घराघरांत एकच गोष्ट पक्की होते आणि प्रत्येकाची मूळ आठवण त्यात बुडते. तिने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापाव्यात, 'आबांना असं आठवतं', 'मोठ्या आजोबांना असं आठवतं'. मला तरी अशी वही एकसुरी आत्मकथेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आणि तिच्याशी अहिराणीतच बोला, ही माझी कळकळीची विनंती आहे. व्हायोरिका मरियन आणि नायसर यांनी २००० साली दाखवलं, की रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना रशियनमध्ये विचारलं तर रशियनमध्ये जगलेल्या काळातलं जास्त आठवतं. तुमचं ते वर्ष अहिराणीत गेलं आहे. पुण्याच्या नातीसाठी सभेतल्यासारखी मराठी बोलायला लागलात, तर आईचं बोलणं, मुकादमाचा ओरडा, अर्धंअधिक हातून जाईल. नातीला एखादा शब्द अडला तर तिला विचारू द्या. त्या विचारण्यातूनही काही निघेल.

कागदही काढा. त्या काळचा सातबारा मिळाला तर शेतात त्या साली काय पेरलं होतं ते कळेल. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर तारीख असते. ती 'कधी' ते सांगेल, 'का' ते सांगणार नाही, पण भाऊंच्या आणि तुमच्या म्हणण्यातला आधी-नंतरचा वाद तिथे मिटू शकतो. दाखला घरात नसेल तर कॉलेजच्या कार्यालयात अर्ज द्या. अर्जात तेव्हाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाचं वर्ष लिहा, आणि जुनी रजिस्टरं चाळायला वेळ लागतो म्हणून नातीच्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात जा. भाऊंनाही बरोबर न्या.