पहिल्या अल्बमच्या उंबरठ्यावर

प्रिय कलावंतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या रॉक अल्बमसाठी केवळ गिटारच्या साथीने गाऊन तू पाठवलेली सगळी गाणी मी सावकाश ऐकली. शब्द आणि चाली तुझ्या स्वतःच्या आहेत आणि आवाजात एक खरखरीत ठामपणा आहे, जो शिकवून येत नाही. म्हणूनच काळजीने लिहितो आहे. रॉक अल्बममध्ये सर्वांत आधी हरवतात ते शब्द, आणि त्यांना वाचवण्याचे काम मिक्सिंगपर्यंत, म्हणजे वेगवेगळी ध्वनिमुद्रणे एकत्र जुळवण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, लांबवता येत नाही. ते वाद्यरचना ठरवतानाच करावे लागते.

साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या ज्या पट्ट्यावर व्यंजनांची स्पष्टता अवलंबून असते, तिथेच डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा परिणाम) लावलेली गिटार आणि ड्रमच्या सिंबल (धातूच्या थाळ्या) यांचीही गर्दी असते. गिटारवादकाने कडव्यातही ध्रुवपदाइतकेच भरगच्च वाजवले, तर आवाज कितीही वाढवला तरी शब्द कळणार नाहीत. त्यामुळे कडव्यात वाद्ये विरळ ठेव, दोन गिटार असतील तर एक डावीकडे व एक उजवीकडे जाऊ दे आणि मधली जागा गळ्यासाठी राखून ठेव.

पट्टीच्या बाबतीतही असाच आग्रह धर. मोकळ्या तारा वाजवणे सोयीचे पडते म्हणून गिटारवादक ई किंवा ए पट्टीकडे वळतात. तुझी दोन गाणी त्यामुळेच गळ्याला एक स्वर उंच पडली आहेत, आणि तिथे तू गाण्याऐवजी ओरडू लागतेस की काय, असे वाटते. गिटार खालच्या स्वरात लावता येते, गळा बदलता येत नाही.

बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडने त्यांच्या पहिल्या अल्बमची दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली. त्यांचा गायक जॉन लेनन याला तेव्हा सर्दी झाली होती, आणि गळ्याची सर्वाधिक परीक्षा पाहणारे गाणे मुद्दाम शेवटी ठेवण्यात आले, कारण त्यानंतर आवाज टिकणार नव्हता. या हकिकतीतला वेग अनेकांना मोहवतो. मला मात्र त्यामागची तयारी महत्त्वाची वाटते. रंगमंचावर वर्षानुवर्षे एकत्र वाजवून त्यांचा मेळ पक्का बसलेला होता. तुझ्या वादकांशी तुझा तसा मेळ अजून बसलेला नाही, म्हणून आधी भरपूर तालमी कर, ड्रम आणि बास ध्वनिमुद्रित करताना स्वतः मार्गदर्शक आवाज (वादकांना साथीसाठी दिलेले तात्पुरते गायन) गा, म्हणजे ड्रमवादक शब्दांच्या श्वासाबरोबर वाजवील, आणि अंतिम गायन वेगवेगळ्या दिवशी थोडे थोडे कर.

गाणी निवडताना निष्ठुर हो. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनच्या 1962 मधील पहिल्या अल्बममध्ये स्वतःची गाणी दोनच होती, तेव्हा आपले सगळे पहिल्याच अल्बममध्ये सांगून टाकण्याची निकड कोणालाच नसते. नऊ-दहा गाणी पुरेत; मागे राहिलेली वाया जात नाहीत.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. गाण्याचे शब्द व चाल यांवरील हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क वेगळा असतो. निर्माता आणि वादक यांच्याशी दोन्हींबद्दलचा करार पहिल्या ध्वनिमुद्रणापूर्वीच लेखी कर, मग ते कितीही जवळचे मित्र असोत.

वादकांबरोबरच्या पहिल्या तालमीचे मोबाइलवरचे साधे रेकॉर्डिंग मला पाठव. ज्या गाण्याचे शब्द त्यातही कळतील, ते स्टुडिओसाठी तयार आहे; उरलेल्यांची वाद्यरचना आपण बसून पुन्हा ठरवू.

तुझा शुभचिंतक